मूळ गावाचा रकाना

गेल्या वर्षीच्या पालकसभेत एका माजी विद्यार्थ्याने उभे राहून एक प्रश्न विचारला. ते आता स्वतः पालक आहेत, संस्थेला दरवर्षी देणगी देतात, विहाराच्या बांधकामात त्यांनी श्रमदान केले आहे. त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात शंका नाही. त्यांचे म्हणणे असे होते की, वसतिगृहातील जागा मोजक्या आहेत, आपल्या समाजाची व आपल्या तालुक्यातील मुले प्रतीक्षायादीत राहतात, आणि वीटभट्टीवरच्या, इमारतींच्या कामावरच्या, रखवालदारांच्या मुलांना मात्र प्रवेश मिळतो. "ही बाहेरची माणसे, सर. आज इथे, उद्या तिथे. मूळच्या माणसांचा विचार आधी नको का?" सभागृहात बऱ्याच माना डोलल्या. अध्यक्षांनी विषय पुढील बैठकीवर ठेवला. आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. तीस वर्षे इतिहास शिकवूनही अशा प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, हे आमचे उणेपण. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा ते राहिलेले उत्तर येथे द्यावे असे ठरविले.

आपल्या भाषेत 'देश' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक भारत देश; आणि दुसरा, घाटाच्या वरचा प्रदेश, ज्याला कोकणातला माणूस आजही 'देश' म्हणतो आणि तिथल्या माणसाला 'देशावरचा'. या दुसऱ्या अर्थाने शेजारचा देश पाहायला पारपत्र लागत नाही. ताम्हिणीच्या घाटात उभे राहिले की एका बाजूला देश आणि दुसऱ्या बाजूला कोकण. ताम्हिणीला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस, मोटारीने दोनेक तासांवर असलेल्या पुण्यात तो सातशेच्या जवळपास येतो. पावसाबरोबर ताटही बदलते. आमच्या पौड खोऱ्यात भात, नाचणी, वरी. पुण्याच्या पलीकडे गेलात की ज्वारी-बाजरीची भाकरी. पावसामुळे घरांची छपरे उतरती झाली, उतारावर भातखाचरे बांधावी लागली, आणि खाचरांच्या कामाला एकमेकांचे हात लागतात म्हणून इर्जिकीची पद्धत रुजली. संस्कृती म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, त्यातले पुष्कळसे असे पावसाने आणि मातीने ठरविलेले असते.

पण एवढ्यावर थांबले तर भूगोल म्हणजे नियती असे वाटू लागेल. सह्याद्री लांबून भिंतीसारखा दिसतो. जवळ गेले की त्या भिंतीत वाटा सापडतात. आणि वाटा असतात तेथे माणसे येतात. श्रीलंकेच्या महावंस या पालि ग्रंथात तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर निरनिराळ्या प्रदेशांत पाठविलेल्या भिक्खूंची नावे आहेत. महारट्ठात महाधम्मरक्खित आले, आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्मरक्खित आले. या धम्मरक्खितांच्या नावामागे 'योन' असे विशेषण आहे. योन म्हणजे यवन, ग्रीक वंशाचा. घाटाखाली धम्म सांगणारा पहिला माणूस या परंपरेनुसार परदेशी होता, हे आपण बुद्धवंदनेच्या वेळी क्वचितच आठवतो.

शेजारच्या मावळातील लेणी आपली मुले दरवर्षी सहलीत पाहतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कोणी वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, श्रेष्ठी. कोणी सोपाऱ्याचा धम्म पठण करणारा भाणक. अनेक जण धेनुकाकट या गावचे, त्यांत स्वतःला उघडपणे यवन म्हणविणारे कित्येक. शिवाय एक सुतार आहे आणि एक सुगंधी द्रव्ये विकणाराही. यांपैकी एकालाही आपण कोठून आलो हे लपवावेसे वाटले नाही. उलट गावाचे नाव त्यांनी दगडात कोरून ठेवले. शेलारवाडीच्या लेण्यात तर नांगर धरणाऱ्या एका कुटुंबातील स्त्रीचे दान आहे. सहलीत मुले खांबांवरचे हत्ती मोजतात; आम्ही त्यांना ही गावे मोजायला सांगतो.

मग या तालुक्यात मूळचा कोण? सर्वांत जुन्या रहिवाशांत ज्यांची गणना करावी लागेल ते कातकरी. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल त्यांचे घर होते, पण सातबारा त्यांच्या नावे नाही. म्हणून पावसाळा सरला की कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर बाहेर पडते. पालकसभेत ज्यांना 'आज इथे, उद्या तिथे' म्हटले गेले त्यांत हे लोकही आले. जो सर्वांत मूळचा तोच सर्वांत फिरता, आणि ज्याच्या पूर्वजांनी नंतर येऊन जमीन नावावर केली तो स्थानिक, असा हा हिशेब आहे.

आपल्या स्वतःच्या समाजाचे पाहा. वतनाने आपल्या आजोबा-पणजोबांना गावाशी बांधून ठेवले. गावकीची कामे, वेसकरपण, मेलेले ढोर ओढणे, आणि बदल्यात तुकडाभर जमीन. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते ही बेडी तुटावी म्हणून. कायद्याने हलकी वतने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. त्याआधी ज्यांची बेडी तुटली ती बहुधा गाव सोडल्यामुळे. कोणी पलटणीत गेले, कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार नसते, आंबडव्याचे ते घराणे आंबडव्यातच राहिले असते, तर पुढचा इतिहास कसा घडला असता याची कल्पनाही करवत नाही. स्थलांतराविषयी तुच्छतेने बोलण्याचा अधिकार इतर कोणाला असेल तर असो, आपल्याला तो नाही.

बाबासाहेबांनी या विषयाचा विचार विद्यार्थिदशेतच केला होता. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधाच्या आरंभीच ते सांगतात की, भारतात निरनिराळ्या दिशांनी निरनिराळे लोकसमूह आले, लढले, मिसळले. लोकसंख्या मिश्र आहे, परंतु संस्कृतीचे ऐक्य मात्र खोलवर आहे. प्रश्न वंशाचा नसून, मिसळलेल्या लोकांत पुन्हा कुंपणे कशी उभी राहिली याचा आहे. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात ते याच धाग्याने पुढे जातात. टोळीयुद्धांत पराभूत होऊन पांगलेली माणसे स्थिरावलेल्या गावांच्या सीमेवर राखणदार म्हणून राहिली, आणि पुढे त्यांनी बौद्ध धम्म सोडला नाही म्हणून त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली, असा त्यांचा सिद्धान्त. सर्वच इतिहासकार तो स्वीकारतात असे नाही; आम्हीही तो वर्गात सिद्धान्त म्हणूनच शिकवतो. पण त्यातले चित्र विसरण्यासारखे नाही. बाहेरून आलेला, दमलेला, गावाच्या वेशीबाहेर झोपडी टाकून रात्रभर गावाची राखण करणारा माणूस. हिंजवडीच्या एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकावर रात्री अकरा वाजता जाऊन पाहावे.

आता मुळशी धरणाकडे येऊ. मुळा नदी मूळची पूर्ववाहिनी. भीमा, कृष्णा असा प्रवास करीत तिचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते. टाटा कंपनीने मुळशीजवळ धरण बांधून हे पाणी अडविले आणि बोगद्याने घाटाखाली भिऱ्याला नेले. तेथे त्यावर वीज होते आणि पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते. ज्या नदीला सह्याद्रीने पूर्वेला पाठविले होते तिला भांडवलाने पश्चिमेला वळविले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पुढाऱ्यांत होते. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. पन्नासाहून अधिक गावे बाधित झाली. आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली गेली.

या लढ्याचा गौरव होतो, व्हायलाच हवा. परंतु आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी लागते. त्या काळच्या कायद्यात जमिनीचा मोबदला होता, माणसाचे पुनर्वसन नव्हते. मोबदला खातेदाराला. खोऱ्यातली कितीतरी जमीन सावकारांच्या हाती गेलेली होती, त्यांना पैसे मिळाले. जो दुसऱ्याच्या खाचरात राबत होता, ज्याचे पोट बलुत्यावर होते, त्याच्या वाट्याला डोंगराचा वरचा उतार आला. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली, म्हणजे मुळशीनंतर अर्ध्या शतकाने. पिढ्यान् पिढ्या एका जागी राहिलेली माणसे एक पाऊलही न उचलता स्थलांतरित झाली. त्यांनी गाव सोडले नाही, गावच त्यांना सोडून पाण्याखाली गेले.

भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. इतिहासाच्या शिक्षकाला सालांचे व्यसन असते, वाचकांनी सोसावे, पण हे साल पुन्हा वाचा. त्याच वर्षी २० मार्चला, त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. ताम्हिणी उतरून माणगावमार्गे महाडला जाता येते. आणि टाटांची ती वीज गेली मुंबईला, जेथील गिरण्यांत कोकणातून व घाटावरून गेलेले आपले लोक राबत होते. विणकाम खात्यात मात्र त्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा जोडताना तोंडाने ओला करावा लागे आणि विटाळ होई. याच मुंबईत मावळ-मुळशीचे लोक गोदीत हमाली करू लागले, डबे पोहोचवू लागले. मुंबईचे डबेवाले मोठ्या संख्येने मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतले. आज त्यांच्या शिस्तीची ख्याती जगभर आहे. मुंबईने मात्र त्यांना पुष्कळ काळ 'घाटी' म्हणूनच हिणवले. मुळशीचा माणूस तेव्हा मुंबईत 'बाहेरचा' होता.

शेजारच्या राष्ट्रांकडे आम्ही वळतो ते याच कारणासाठी. आपण बौद्ध आहोत, श्रीलंका आणि ब्रह्मदेश यांच्याकडे आदराने पाहतो. त्या आदराला बाधा न आणता तेथील इतिहास नीट वाचला पाहिजे.

श्रीलंकेचे बेट भारताच्या टोकापासून समुद्राच्या एका अरुंद पट्टीने वेगळे झाले आहे. इतके जवळ की लोक येत राहिले, इतके दूर की आलेले लोक वेगळे झाले. दक्षिणेत सिंहली भाषा, जिचे नाते शेजारच्या तमिळशी नसून आपल्या मराठीच्या घराण्याशी आहे, उत्तरेत तमिळ. महावंसच सांगतो की सिंहलींचा पूर्वज विजय भारतातून गलबताने निघाला, वाटेत सोपाऱ्याला उतरला, पण त्याच्या सोबत्यांच्या वर्तनामुळे तेथे त्याला टिकता आले नाही आणि तो लंकेला गेला. म्हणजे लंकेचा मूळपुरुष आपल्या किनाऱ्यावरून परत पाठविलेला स्थलांतरित! धम्म आला तो महेंद्राबरोबर, बोधिवृक्षाची फांदी आली ती संघमित्रेबरोबर. सारे बाहेरून आलेले. नंतर इंग्रजांनी कँडीच्या डोंगराळ मुलखात आधी कॉफीचे व मग चहाचे मळे लावले आणि राबायला तमिळनाडूतून मजूर नेले. त्या मजुरांच्या तीन-चार पिढ्या तेथे जन्मल्या. १९४८ मध्ये लंका स्वतंत्र झाली आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने या लाखो मजुरांना कोणत्याच देशाचे ठेवले नाही. १९६४ साली शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला : सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यावीत, तीन लाखांना लंकेने नागरिकत्व द्यावे, उरलेल्या दीड लाखांचे पुढे पाहू. माणसांची वाटणी खळ्यावरच्या धान्यासारखी झाली. १९५६ च्या केवळ सिंहली भाषेच्या धोरणातून आणि १९८३ च्या दंगलींतून पुढे जे घडले, त्याची आठवण श्रीलंकेतील बौद्धांनाही सुखाची नाही.

ब्रह्मदेशाची कथा अधिक जवळची आहे. १९३१ च्या जनगणनेत रंगून शहरातील निम्म्याहून अधिक लोक भारतीय होते : हमाल, कारकून, सावकार, भात गिरण्यांतले मजूर. इरावतीच्या मुखाजवळील सुपीक भूमीने त्यांना बोलावून घेतले होते. १९६२ नंतरच्या लष्करी राजवटीत लाखोंना हाकलण्यात आले. १९८२ च्या कायद्याने १८२३ पूर्वीपासून तेथे वसलेल्या जमातींनाच मूळचे मानले, आणि रोहिंग्यांना त्या यादीबाहेर ठेवले. २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. बुद्धाचे नाव घेणाऱ्या काही भिक्खूंनी या द्वेषाला खतपाणी घातले, हे लिहिताना आम्हांला लाज वाटते, परंतु न लिहिणे अधिक लाजिरवाणे होईल.

मुळशीत अशी रेघ ओढायची तर कोणत्या सालावर ओढणार? १९२१ वर ओढली तर पिरंगुट आणि हिंजवडीतील बहुतेक घरे बाहेरची ठरतील. १९७२ वर ओढली तर त्या दुष्काळात मराठवाडा-सोलापुरातून पुण्याकडे आलेली आपली किती कुटुंबे रेघेच्या आत येतील आणि किती बाहेर जातील? आणि देहूरोड? लष्करी साहित्याच्या कोठारांत कामाला आलेल्या आपल्या माणसांच्या वस्तीतच, २५ डिसेंबर १९५४ रोजी, बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ती मूर्ती रंगूनहून आणलेली होती. ज्या शहराने आपल्याला बुद्धमूर्ती दिली त्याच शहरातून पुढे भारतीयांना हाकलले गेले.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौथीच्या वर्गात तथागतांच्या जन्मस्थानाविषयी सांगत होतो. लुंबिनीचे नाव घेताच शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, लुंबिनी आमच्या देशात आहे." मुले हसली. त्याचे वडील हिंजवडीला रखवालदार आहेत, नेपाळच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातले. तेथे उतारावरच्या शेतीत वर्षाचे धान्य पिकत नाही आणि १९५० च्या करारामुळे भारतात यायला परवाना लागत नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या तेथील पुरुष खाली उतरतात. कातकरी चढून येतो, नेपाळी उतरून येतो, एवढाच काय तो फरक. त्या मुलाला आम्ही फळ्याजवळ बोलावले आणि नकाशावर लुंबिनी दाखवायला सांगितले. त्याने बोट काठमांडूवर ठेवले. चूक सुधारली, पण त्या दिवसापासून वर्गात त्याला कोणी 'बहादूर' म्हणत नाही.

पालकांच्या मूळ आक्षेपातील एक भाग खराच आहे. खाटा कमी आहेत, संस्था समाजाच्या वर्गणीवर उभी आहे, आणि आपल्या मुलांना प्रतीक्षायादीत पाहणे कोणालाही जड जाते. आमचे म्हणणे इतकेच की, खाट कोणाला द्यायची हे जन्मगावावरून न ठरविता रात्री मुलाजवळ कोण असते यावरून ठरवावे. ज्या गावांतून शाळेची गाडी किंवा एस.टी. येते, तेथील मुले दिवसा येऊन शिकू शकतात, संध्याकाळी आईजवळ परतू शकतात. ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर भट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात, त्या मुलाला वसतिगृह मिळाले नाही तर ते भट्टीवर जाते आणि त्याचे वर्ष बुडते. 'आज इथे, उद्या तिथे' हे त्याला नाकारण्याचे कारण होत नाही. निवासी शाळा काढण्याचे तेच कारण होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, तेही घरापासून दूर आलेल्या मुलांसाठीच.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडविता येत नाही. वसतिगृहातील खाट मात्र त्या कायद्यात बसत नाही. तिचा निर्णय संस्थेच्या समितीकडेच राहतो. म्हणून हे लिखाण.

येत्या जूनच्या प्रवेशाआधी समितीची बैठक आहे. त्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत : हंगामी कामावर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी काही खाटा दिवाळीपर्यंत राखून ठेवाव्यात, मराठी न येणाऱ्या मुलांसाठी पहिले तीन महिने रोज एक तास वेगळा असावा, आणि आसपासच्या गावांतील मुलांसाठी दुसऱ्या गाडीचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. तिसरी गोष्ट पहिल्यापेक्षा कठीण आहे, हे आम्ही जाणतो.

बैठकीपूर्वी आम्ही शाळेचे जुने जनरल रजिस्टर काढून पाहिले. त्यात 'मूळ गाव' असा एक रकाना आहे. पिवळ्या पडलेल्या पानांवर निळ्या शाईत महाड, माणगाव, मोहोळ, कळंब, करमाळा, परांडा, भोर अशी नावे आहेत. मुळशीची गावे मधूनमधून येतात. पालकसभेत ज्यांनी प्रश्न विचारला त्यांचे नावही त्यात आहे. त्यांच्या रकान्यात जे गाव आहे ते येथून दोनशे किलोमीटरवर आहे आणि समोर वडिलांच्या व्यवसायाच्या जागी 'खडी फोडणे' असे लिहिले आहे. रजिस्टर आमच्या खोलीतील कपाटात आहे. बैठकीच्या दिवशी ते टेबलावर ठेवू. ज्यांना आपले पान पाहायचे असेल त्यांनी थोडे लवकर यावे.